किंगरीवाल्याचे ऋण

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली गाडी सालेकसा सोडते, तसतशा धानाच्या बांध्या मागे पडतात आणि जंगल रुळांजवळ सरकते. पुढचे स्थानक दरेकसा. त्यापुढे डोंगर फोडून काढलेला बोगदा आणि पलीकडे छत्तीसगड. एरवी या लहानशा स्थानकावर फारशी वर्दळ नसते. पण माघ पौर्णिमेच्या आसपास फलाटावर पिवळे दुपट्टे, पिवळे फेटे आणि सप्तरंगी झेंडे दिसू लागतात. बालाघाट, मंडला, राजनांदगाव, गडचिरोली, यवतमाळ, आदिलाबाद अशा लांबलांबच्या मुलखातून आलेली माणसे एकमेकांना 'जय सेवा' म्हणत धनेगावच्या वाटेला लागतात. वाट डोंगरात चढते आणि कचारगडच्या प्रचंड गुहेपाशी संपते.

गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार त्यांच्या साऱ्या कुळांची कथा या गुहेत सुरू होते. परंपरा सांगते, की माता काली कंकालीची तेहतीस मुले शंभूच्या आज्ञेने या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर एक अवजड शिळा लोटली गेली. जंगो रायतार हिने त्या मुलांची माया धरली होती. त्यांना सोडवण्यासाठी गोंडांचा आद्य धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो पुढे झाला, तेव्हा त्याने सैन्य आणले नाही. त्याने हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाला बोलावले. हिरासुकाने गुहेबाहेर किंगरी हे तंतुवाद्य छेडले. त्याचा सूर आत पोहोचला, अर्धमेल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा सरकली. मुले बाहेर पडली. घरंगळणाऱ्या शिळेखाली हिरासुका मात्र सापडला आणि तिथेच संपला. पुढे लिंगोने त्या तेहतीस जणांना ज्ञान दिले, कुळगटांची सगा-व्यवस्था घालून दिली, आणि तिच्यातून साडेसातशे कुळांची मांडणी झाली.

एका मोठ्या समाजाच्या उगमकथेत मुक्ती मिळते ती एका वादकामुळे, आणि तिची किंमतही तोच मोजतो. हिरासुकाचे हे ऋण गोंड समाजाने कसे फेडले, मध्यंतरी ते फेडणे का थांबले, आणि सालेकसा तालुक्यातल्या या डोंगरात गेल्या चाळीसेक वर्षांत ते पुन्हा कसे सुरू झाले, हा इतिहास मराठी वाचकाला जवळचा असूनही फारसा ठाऊक नाही.

ऋण फेडण्याची जुनी रीत प्रधान समाजाच्या रूपाने उभी होती. प्रधान हे गोंडांचे गायक, वंशावळी राखणारे आणि देवाला जागवणारे. त्यांची कथा अशी, की सात भाऊ होते आणि त्यांचा सर्वोच्च देव बडादेव रुसून साजाच्या झाडात, म्हणजे ऐनाच्या झाडात, जाऊन बसला. थोरल्या सहा भावांच्या विनवण्यांना तो बधला नाही. धाकट्याने लाकूड कोरून, घोड्याच्या केसांच्या तारा ओढून बाणा हे वाद्य बनवले आणि वाजवले, तेव्हा देव प्रसन्न झाला. त्या धाकट्याचे वंशज ते प्रधान. नाते भावाचे, पण मान धाकट्याचा. प्रधान गोंडाच्या दारी यायचा, बाण्यावर राजांच्या गोंडवानी गायचा, कुळाच्या मूळपुरुषापासून आजच्या घरधन्यापर्यंतची नावे बिनचूक सांगायचा. मरणानंतरच्या विधीत त्याचे काम असायचे, आणि मृताच्या वस्तूंवर त्याचा हक्क असायचा.

या व्यवहाराला ठरलेला क्रम होता. दर तीन वर्षांनी प्रधान आपल्या यजमान गोंडांच्या गावांची फेरी करी. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात तिला 'मंगतेरी' म्हणत. यजमान त्याला धान्य, कपडा, पैसा, कधी जनावर देई. यात भिकेचा भाव नव्हता. दिले नाही तर यजमानाची इज्जत जाई, आणि प्रधान आला नाही तर देव जागा होत नसे. कलावंत आपल्या कलेवर जगला पाहिजे आणि त्याला जगवण्याची जबाबदारी एका कुळाने पिढ्यान्‌पिढ्या उचलली पाहिजे, हे तत्त्व कोणत्याही घटनेत न लिहिता शतकानुशतके पाळले गेले. आजच्या भाषेत ही एक कलासंस्थाच होती. तिला इमारत नव्हती, पण सभासद होते, वर्गणी होती आणि नियम होते.

गंमत म्हणजे या परंपरेचा एक धागा थेट मराठीशी बांधलेला आहे. आदिलाबाद भागातल्या राजगोंडांचा अभ्यास करून १९४८ साली ग्रंथ लिहिणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवले आहे, की तिथल्या प्रधानांची घरची बोली मराठी. घरात मराठी बोलणारा हा गायक यजमानाच्या अंगणात बसून गोंडी महाकाव्य गाई. दोन भाषांच्या मधोमध राहून त्याने एका भाषेचा ठेवा जपला.

ही व्यवस्था मोडली ती तिच्या माथ्यावरचे छप्पर उडाले म्हणून. अठराव्या शतकात देवगड आणि चांदा ही गोंड राज्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेली, गढा-मंडलाही मराठ्यांच्या ताब्यात गेले. राजदरबार संपले, पण वतनदार आणि गावप्रमुख अजून होते. इंग्रज आले तेव्हा त्यांच्यावरही गदा आली. गढा-मंडलाच्या राजघराण्यातले शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले गेले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात एक कविता होती. इंग्रजांचा नाश कर अशी देवीची प्रार्थना करणारे ते पद्य त्यांच्याकडे सापडले होते. कवितेसाठी तोफेच्या तोंडी गेलेला हा राजा गोंडवानाच्या स्मरणात आजही ताजा आहे.

त्यानंतर १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले. जंगल सरकारचे झाले. जंगल तोडून-जाळून केली जाणारी बेवर शेती बंद पडली, मोहफूल गोळा करण्यावरही पहारे बसले. यजमानाच्याच कोठीत धान्य उरले नाही, तिथे प्रधानाला तो काय देणार? मंगतेरीच्या फेऱ्या विरळ झाल्या. बाणा खुंटीवर गेला आणि वाजवणारे हात खडी फोडायला, मातीकामाला लागले.

नेमक्या त्याच काळात बाहेरच्या जगाने या गाण्यांची दखल घेतली. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. आज नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतले. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. त्या गीतात गुहेत कोंडलेले गोंड आहेत, तोंडावरची शिळा आहे, भोपळ्याचे तंतुवाद्य करून ते वाजवणारा लिंगो आहे आणि 'काचिकोपा लोहागड' हे ठिकाणही आहे. पुढच्या काळातील गोंड अभ्यासकांनी हे लोहागड म्हणजेच कचारगड असे मानले. ग्रंथाच्या शीर्षकपानावर हिस्लॉप आणि टेंपल यांची नावे आहेत, गाणाऱ्या प्रधानाचे नाही.

ऐंशी वर्षांनी एका मराठी माणसाने हा हिशेब थोडा बरोबर करण्याचा प्रयत्न केला. शामराव हिवाळे हे व्हेरियर एल्विन यांचे आयुष्यभराचे सहकारी. १९३२ साली दोघे मैकल डोंगरातल्या करंजिया गावी राहायला गेले आणि तिथे त्यांनी आदिवासींमध्ये काम सुरू केले. एल्विन यांचे नाव जगभर गेले, हिवाळे मागे राहिले. पण प्रधानांवरचे सर्वांत आत्मीय पुस्तक हिवाळ्यांचे आहे. 'अपर नर्मदा खोऱ्यातील प्रधान' या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली आला. मंगतेरीची फेरी, यजमान आणि गायक यांच्यातली थट्टा, रुसवे-फुगवे, बाण्याची पूजा हे सारे त्यात प्रधानाच्या बाजूने मांडलेले आहे. हिवाळे आणि एल्विन पुढे ज्या पाटणगढ गावात राहिले, त्याच गावाचे नाव पुढे या कहाणीत पुन्हा येणार होते.

दरम्यान, समाजाच्या आतून एक वेगळा प्रयत्न झाला होता. सालेकशाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. मध्य प्रदेशात ती देवनागरीत लिहिली जाई, दक्षिणेकडे तेलुगूत. आपली गाणी आपल्याच अक्षरांत उतरली पाहिजेत, म्हणजे ती दुसऱ्याच्या शीर्षकपानावर जाणार नाहीत, ही निकड त्या लिपीमागे उभी दिसते. छापखान्यात तिचे खिळे नव्हते, शाळेत तिची पाटी नव्हती. हातांनी लिहिलेल्या वह्यांतून ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली आणि टिकली.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत कचारगड बाहेरच्या जगासाठी एक निबिड जंगलातली गुहा होती. आसपासच्या गावांतले लोक देवाला जात, दिवा लावत, परत येत. तेहतीस मुलांची कथा म्हाताऱ्यांच्या तोंडी होती, पण शिकलेल्या मुलांना ती सांगण्याची लाज वाटू लागली होती. शाळेत गोंडी बोलले की हसू होई, आणि नोकरीच्या गावी आडनाव सांगताना आवाज खाली जाई.

इथे मोतीरावण कंगाली यांचे नाव येते. नागपूर जिल्ह्यात रामटेक तालुक्यातल्या दुलारा या जंगलातल्या गावी २ फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मोतीराम. पुढे त्यांनी ते जाणीवपूर्वक मोतीरावण असे केले. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी भाषाशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि गोंड समाजाच्या सांस्कृतिक मूल्यांच्या तत्त्वज्ञानावर अलिगढ मुस्लिम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. सुट्ट्या लागल्या की ते गावोगाव फिरत. भुमकांकडून म्हणजे गावपुजाऱ्यांकडून मंत्र, म्हाताऱ्या बायांकडून पाटा म्हणजे गाणी, प्रधानांकडून वंशावळी टिपून घेत. 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' हा त्यांचा ग्रंथ याच भ्रमंतीतून तयार झाला. गोंडी व्याकरण आणि शब्दकोश यांवरही त्यांनी काम केले. सिंधू लिपी गोंडीच्या आधारे वाचण्याचा त्यांचा दावा अभ्यासकांत सर्वमान्य झाला नाही, पण आपली भाषा जगातल्या मोठ्या प्रश्नांना भिडू शकते हा विश्वास त्यांनी तरुणांना दिला. पत्नी चंद्रलेखा कंगाली यांनी लेखनात आणि प्रकाशनात त्यांना बरोबरीची साथ दिली.

१९८० च्या दशकात कंगाली, सुन्हेरसिंह ताराम, केशव बानाजी मरसकोल्हे आणि त्यांच्या सोबत्यांनी कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा संघटितपणे सुरू केली. पहिल्या वर्षांत मोजकी माणसे जंगलातून वाट काढत गुहेपर्यंत जात. तिथे दिवा लागे, गोंगो म्हणजे पूजा होई, आणि मग खरा कार्यक्रम सुरू होई. कोणी कुळाची कथा सांगे, कोणी रेला नाचे, कोणी नवी कविता वाची. वर्षागणिक माणसे वाढली. आज यात्रा पाच दिवस चालते, लाखो लोक येतात, महाअधिवेशन भरते आणि धनेगावच्या मैदानावर रात्रभर समूहनृत्ये रंगतात.

ताराम यांचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. 'गोंडवाना दर्शन' हे हिंदी मासिक त्यांनी चिकाटीने चालवले. पाच-सहा राज्यांत विखुरलेल्या समाजाला एकमेकांची खबर देणारा तो एकच धागा होता. बस्तरमधल्या नृत्यमंडळाची बातमी यवतमाळच्या शिक्षकाला कळे, आणि मंडल्याच्या तरुणाची कविता गोंदियात वाचली जाई. ताराम यांच्या पत्नी उषाकिरण आत्राम यांनी मराठी, हिंदी आणि गोंडी अशा तिन्ही भाषांत लिहिले. 'मोट्यारिन' हा त्यांचा संग्रह आदिवासी स्त्रीच्या कवितेचा एक ठळक आवाज ठरला. गोटुल म्हणजे तरुण-तरुणींचे युवागृह. तिथल्या तरुणीला गोंडीत मोट्यारिन म्हणतात. ज्या गोटुलबद्दल बाहेरच्यांनी नाही नाही ते लिहिले, त्याच्या आतून आलेला हा शब्द मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला, ही मोठीच गोष्ट होती.

हे सारे एकाकी घडत नव्हते. १९६० च्या दशकात अमेरिकेत शिकून परतलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या नागसेनवनात विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीय लेखकांची ओळख करून दिली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांना हक्काचे पान दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. तिकडे क्लीव्हलँडमध्ये १९१५ साली सुरू झालेले कारामू हाउस कृष्णवर्णीय नटांना रंगमंच देत होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९६५ साली अमिरी बराका यांनी कृष्णवर्णीयांची नाट्यशाळा काढली. ती लवकरच बंद पडली, पण तिने पेटवलेली चळवळ देशभर पसरली. १९६८ मध्ये त्याच वस्तीत कृष्णवर्णीय चित्रकारांसाठी स्टुडिओ म्युझियम सुरू झाले. मोठ्या संग्रहालयांनी दार उघडण्याची वाट पाहण्याऐवजी आपल्या वस्तीतच आपले घर बांधायचे, हा त्या सर्वांचा निश्चय. विदर्भात आदिवासी लेखकांनी १९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला आपले संमेलन भरवले. भुजंग मेश्राम यांच्यासारखा कवी गोंडी, गोरमाटी आणि मराठी शब्द एकाच कवितेत आणू लागला. कचारगडची यात्रा याच ओघातली. फरक इतकाच, की इथे घर बांधावे लागले नाही. ते डोंगरात आधीपासूनच होते.

आपल्या जागेवरची ही उभारणी किती महत्त्वाची होती, ते त्याच काळातल्या दुसऱ्या एका कहाणीशेजारी ठेवले की कळते. १९८२ च्या फेब्रुवारीत भोपाळमध्ये भारत भवन सुरू झाले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिथल्या संग्रहासाठी तरुण कलाकारांना खेड्यापाड्यांत पाठवले होते. पाटणगढच्या एका भिंतीवर त्यांना विलक्षण चित्र दिसले. ते काढणारा होता जनगढसिंह श्याम, प्रधान कुळातला विशीतला पोरगा. हिवाळे आणि एल्विन जिथे राहिले, तेच हे गाव. बाण्यावर गाऊन देव जागवणाऱ्यांच्या वंशातला हा मुलगा आता तेच देव रंगांत काढू लागला. गाण्यातल्या सुरांचे त्याच्या हातून ठिपके झाले. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंती त्याने रंगवल्या. १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिशियन्स द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. त्याच्या शैलीला 'जनगढ कलम' हे नाव मिळाले आणि पाटणगढमधून शिकाऊ मुलांचा ओघ त्याच्या भोपाळच्या घरी लागला. पुतणे, भाचे, मेहुणे, सारे त्याने चितारी केले. प्रधानांची घराणेदारी अशी नव्या रूपात सुरू झाली.

२००१ साली जपानमधल्या मिथिला संग्रहालयासाठी काम करत असताना जनगढने आपले जीवन संपवले. घरापासून हजारो मैलांवर, वयाच्या चाळिशीच्या आसपास. देशभरातल्या कलावंतांनी तेव्हा संताप व्यक्त केला आणि प्रश्न विचारले. आदिवासी चित्रकार परदेशी जातो तेव्हा त्याचा करार कोण वाचतो? मोबदला कोण ठरवतो? आजारपणात, एकटेपणात त्याच्या पाठीशी कोण असते? मोठमोठ्या संस्थांनी त्याला कीर्ती दिली होती. मंगतेरीतला यजमान जो भरवसा देई, तो मात्र त्याला कुठे मिळाला नाही.

त्याचे घराणे थांबले नाही. भज्जू श्याम यांचे लंडनच्या प्रवासावरचे चित्रपुस्तक २००४ साली आले आणि अनेक भाषांत गेले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या दांपत्याने २०११ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र 'भीमायन' या नावाने चित्ररूपात साकारले. महाडच्या चवदार तळ्याची कथा त्यांनी मासे, मोर आणि झाडांच्या भाषेत सांगितली. गोंड-प्रधान कुंचल्याने रंगवलेले बाबासाहेब ही दोन वंचित समाजांच्या कलेतली थेट गळाभेट होती. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आदिलाबादचे गुस्साडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये हाच सन्मान मिळाला होता.

सालेकसा परिसरातल्या कलावंताला जगवणारी आणखी एक व्यवस्था आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. दिवाळी झाली, धान घरात आले, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, गोवाऱ्यांचा ढाल घेऊन नाच, पाळणे, मिठाईची दुकाने. रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये आणि नाटक. गावातले मंडळ वर्गणी काढते, पाहुण्यांना आवतण जाते, आणि लेकी-जावयांसाठी मंडई हा दिवाळीहून मोठा सण होतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही झाडीपट्टी रंगभूमी प्रेक्षकांच्या तिकिटावर उभी आहे. वडसा म्हणजे देसाईगंज इथे तिच्या नाटक कंपन्यांची ठाणी आहेत. दंडारीचा कसून अभ्यास करून तिला मराठी लोककलेच्या नकाशावर आणण्याचे काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केले. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शेतात राबणारा माणूस रात्री राजा होऊन रंगमंचावर येतो, आणि त्याला टाळ्या व मानधन देणारेही शेतात राबणारेच असतात. मंगतेरीचा गाभा मंडईत वेगळ्या रूपाने शिल्लक आहे.

कंगाली ३० ऑक्टोबर २०१५ रोजी गेले. त्यांच्या पश्चात दोन वर्षांनी, २०१७ च्या जूनमध्ये, मसराम यांची लिपी युनिकोडमध्ये आली. बालाघाटच्या त्या हस्तलिखित वह्यांतली अक्षरे संगणकात आणि मोबाइलमध्ये टाइप करता येण्याची सोय झाली. आदिलाबादच्या गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीलाही २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्याच वर्षी अनेक राज्यांतल्या गोंडी जाणकारांनी मिळून तयार केलेला प्रमाण गोंडी शब्दकोश प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यतेसाठी तिला सरकारदरबारी झगडावे लागले.

तरीही कसर मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी आपली भाषा गोंडी असल्याचे नोंदवले. इतक्या लोकांची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गोंडी लेखकाला साहित्य अकादमीच्या नियमित वार्षिक पुरस्काराची वाटही बंद आहे, आणि अनुसूचीतल्या भाषांना मिळणारे सरकारी पाठबळही गोंडीच्या वाट्याला येत नाही. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपण साजरा केला. शेजारच्या अंगणातली, मराठीला शब्द देणारी आणि मराठीत आपली गाणी सांगणारी ही भाषा आठव्या अनुसूचीत यावी, ही मागणी मराठी वाचकांनीही आपली मानली पाहिजे.

दुसरी कसर समाजाने स्वतःच भरून काढायची आहे. यात्रेत डीजेचा आवाज वाढला आहे आणि बाणा-किंगरी वाजवणारे हात कमी होत चालले आहेत. व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या भाषणांना वेळ मिळतो, म्हाताऱ्या प्रधानाच्या गाण्याला तेवढा मिळत नाही. यात्रेच्या पाच दिवसांपैकी एक पूर्ण रात्र प्रधान गायकांसाठी राखून ठेवावी. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित व्हावे, त्यावर गायकाचे नाव असावे आणि हक्कही त्याचाच असावा. त्यांना मानधन मिळावे आणि प्रत्येकासोबत शिकणारी दोन मुले बसवावीत. त्यासाठी नवी कल्पना शोधायची गरज नाही. तीन वर्षांनी एकदा यजमानाने दान द्यायचे ही रीत गोंडांच्याच घरची आहे. यात्रेला येणारे लाखो हात तो यजमान होऊ शकतात.

माघ पौर्णिमेला सवड काढून दरेकशाला उतरावे. धनेगावच्या यात्रेत पुस्तकांची दुकाने लागतात. तिथे गोंडी पुस्तके असतात, लिपीचे तक्ते असतात, कवितासंग्रह असतात. एखादे विकत घ्यावे. मग गुहेची चढण चढावी. तिच्या तोंडाशी उभे राहून वर पाहिले, की छतातल्या भगदाडातून उजेड खाली येताना दिसतो आणि आसपास कुणीतरी आपल्या पोराला हिरासुकाची गोष्ट सांगत असते.